मोहल्ल्याकडचा व्हॉल्व्ह

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला अर्धं माहीत आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तेवढं. अन्वर आणि मी एकत्र काम करायचो, मग एका गावात काहीतरी भानगड झाली आणि तो निघून गेला. उरलेलं अर्धं कुणालाच माहीत नाही. निदान मला तसं वाटतं. वाटतं म्हणतो, कारण परतूरकडचा अनोळखी नंबर फोनवर दिसला की अजूनही मी लगेच उचलत नाही. वाजू देतो. कळलं असेल का? कुणी बोललं असेल का? बोलणार कोण? माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही, हे समजत असूनही वाजू देतो.

आणि आत्ता तुम्हाला सांगायला बसलोय, तर तुमच्याबद्दलही तोच किडा डोक्यात वळवळतोय. तुम्ही कुणाच्या ओळखीचे? जाफराबादकडं तुमचं कुणी असतं का? — असू द्या. त्या गावाचं नाव मी घेणार नाही, एवढंच.

मी मूळचा तीर्थपुरीचा, अन्वर परतूरचा. जालन्यात पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. मी पुढं डिग्री केली, एमटेक केलं. त्याला पुस्तकांचा कंटाळा, तो डिप्लोमावर थांबला आणि खुशीत थांबला. नंतर दोघांनी मिळून मोंढ्याच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पाणीपुरवठ्याचे डबे बनवायला लागलो. डबे म्हणजे काय — गावाच्या टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक पाइपलाइनवर एक व्हॉल्व्ह असतो, तो आधी माणूस जाऊन हातानं फिरवायचा. आमचा डबा तो मोटरनं फिरवायचा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक मुख्य डबा, त्यात कुणाला कधी पाणी ते भरलेलं; तो रेडिओवरून निरोप पाठवायचा — अमुक व्हॉल्व्ह उघड, तमुक बंद कर. शेतात खांबावर लावलेला छोटा डबा तो निरोप ऐकायचा आणि तसं करायचा. सोलरच्या पत्र्यावर आणि लहानशा बॅटरीवर चालायचा.

आतली विद्या माझी, बाहेरचं सगळं अन्वरचं. बसवणं, खांब उभा करणं, गावात बोलणं, दुरुस्ती. मोटरसायकल तो चालवायचा आणि मी मागं अँटेनाचा लांब पाइप आडवा धरून बसायचो, समोरून ट्रक आला की तो ओरडायचा आणि मी पाइप उभा करायचो. अशी आम्ही जालना जिल्ह्यातली निम्मी गावं फिरलो. भांडण? आठवत नाही. खरंच आठवत नाही.

आता तुम्हाला थोडं माझ्या विद्येबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रेडिओवरून निरोप निघाला की वाटेत त्याची काही अक्षरं बिघडतात. म्हणून निरोपाला जास्तीची अक्षरं जोडतात, अशी हिशेबानं गुंफलेली की पलीकडच्याला बिघाड ओळखून दुरुस्त करता यावा. ही दुरुस्ती करणारा भाग म्हणजे डिकोडर. तो एका फटक्यात काम करत नाही. प्रत्येक अक्षराचा अंदाज बांधतो, सगळे अंदाज एकमेकांशी जुळतात का बघतो, जे जुळत नाहीत ते बदलतो, परत बघतो. फेऱ्यांवर फेऱ्या. आणि प्रत्येक फेरीला बॅटरी जाते. पावसाळ्यात चार दिवस ढग राहिले की आमचे डबे मरायचे आणि अन्वरला चिखलातून जाऊन ते जिवंत करावे लागायचे.

मग मी डिकोडरचं काम कमी करायला घेतलं. तोच माझा पीएचडीचा विषय होता, त्याच्यावरच माझा शोधनिबंध छापून येणार होता. फेऱ्या कमी केल्या. दोन फेऱ्यांत अंदाज बदलला नाही, तर झालं असं समजून थांबायचं. यात वावगं काही नाही, खूप जण असं करतात. पण शेवटी एक पडताळणी असते — डिकोडर थांबला, ठीक, पण हाती आलेला निरोप सगळ्या अटींत बसतो का? नसेल बसत तर फेकून द्यायचा आणि परत मागायचा. परत मागण्यात बॅटरी जायची, आणि निबंधातला बॅटरीच्या खर्चाचा आलेख पाहिजे तेवढा खाली उतरत नव्हता.

मी ती पडताळणी काढून टाकली.

टेबलावर सगळं बराबर चाललं. एकदाही चुकलं नाही. ढगाळ दिवसांतही डबे तग धरायला लागले, अन्वरच्या चकरा वाचल्या, त्यानं मला मामा चौकात नेऊन जिलबी खाऊ घातली. मी त्याला सांगितलं होतं का, की काय काढून बॅटरी वाचवली? नाही. त्यानं विचारलंही नाही. त्याचा माझ्या कामावर विश्वास होता — हा शब्द पुढं परत येईल, तेव्हा मी तो टाळणार नाही.

त्या गावात अन्वरची सासुरवाडी होती. काम मिळालंच मुळी त्याच्या सासऱ्यांच्या ओळखीनं. गावाला पाण्याच्या दोन लाइनी — एक गावठाणाकडं, एक मोहल्ल्याकडं. दिवसाआड पाळी. मोहल्ल्याकडच्या व्हॉल्व्हचा डबा गावाबाहेर, एका मोसंबीच्या बागेच्या कडेला. त्याची चावी आमच्या दोघांकडेच. डबा उघडला की आत एक बटन होतं, ते दाबून व्हॉल्व्ह हातानंही फिरवता यायचा.

उन्हाळा लागला आणि तक्रार आली. गावठाणाची पाळी असलेल्या दिवशी दुपारी मोहल्ल्यात पाणी चालू. टाकी रिकामी, गावठाण कोरडं. एकदा झालं तेव्हा कुणी फारसं बोललं नाही. परत झालं. मग परत. आणि नेहमी एकाच बाजूला. मशीन चुकणार तर दोन्हीकडं चुकेल ना? कधी मोहल्लाही कोरडा राहील की नाही? तसं कधीच झालं नाही.

संशय सगळ्यात आधी कुणाला आला असेल? गावाला नाही. मला.

आणि तो काय खोटा-खोटा आला नव्हता, हे नीट ऐका, कारण इथं मला स्वतःला सोडून द्यावंसं वाटतं. मला मनापासून वाटलं, हा अन्वरच करतोय. का वाटलं? तो त्या दिवसांत सारखा सासुरवाडीला जायचा. फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलायचा, उर्दूत. शबाना — त्याची बायको — तिच्याशी तो कायम उर्दूतच बोलायचा, इतकी वर्षं मी ते शेजारी बसून ऐकलं होतं, त्यातले विनोद मलाही कळायचे. तीच भाषा अचानक माझ्यापासून काहीतरी लपवायची वाटायला लागली. तो हसला की वाटायचं, का हसला? गप्प बसला की वाटायचं, का गप्प? त्याच्या मोटरसायकलच्या चाकाला लाल माती दिसली की मी मनात गावाचं अंतर मोजायचो. नंतर कळलं की सासऱ्यांची किडनी गेली होती, तो त्यांना डायलिसिसला जालन्याला आणायचा आणि परत सोडायचा. मला का नाही सांगितलं? सांगितलं होतं. मी डिकोडरमध्ये डोकं घालून बसलो होतो, हं म्हणालो होतो.

नाव अन्वर नसतं, पाणी मोहल्ल्याकडं गेलं नसतं, तर हा संशय माझ्या मनात इतक्या सहज बसला असता का? — नसता. तुम्हाला तरी खरं सांगतो, नसता.

एके दिवशी सरपंचबाई पंचायतीच्या कामानं जालन्याला आल्या होत्या, आमच्या खोलीवर आल्या. अन्वर नव्हता. चांगली बाई, मोजकं बोलणारी. कुणाचं नाव न घेता त्यांनी विचारलं, डबा बाहेरून कुणाला उघडता येतो का. मी म्हणालो, चावी लागते. कुणाकडं असते? मी म्हणालो, माझ्याकडं असते, पण मी तिकडं येत नाही, अन्वरकडं असते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, बरं. उठून गेल्या.

एवढंच. मी आरोप केला का? मी तर चावी कुणाकडं असते तेवढं सांगितलं. असं मी स्वतःला किती तरी वर्षं सांगितलं.

पण तेवढ्यानं माझं भागलं नाही. मला त्याला पकडायचं होतं. गावठाणाच्या पाळीच्या दिवशी मी त्याला न सांगता एसटीनं जाफराबादला गेलो, तिथून जीपनं गावाच्या अलीकडं उतरलो आणि रानातून चालत त्या मोसंबीच्या बागेत जाऊन बसलो. लॅपटॉप मांडीवर, लहान रेडिओ त्याला जोडलेला — पंचायतीचा निरोप हवेतून जाताना मलाही ऐकू यावा म्हणून. समोर आडव्या फांद्यांतून खांबावरचा डबा दिसत होता. ऊन रणरणतं. डब्यापलीकडं बागवाल्यानं नवीन सोलर पंप बसवलेला, तो ऊन चढल्यावर गुरगुरत होता. मी रस्त्याकडं डोळे लावून बसलो होतो, मित्राची मोटरसायकल दिसायची वाट बघत. खरंच वाट बघत होतो. तो यावा असं मला वाटत होतं — हे आत्ता सांगायलाही जड जातंय. मला माझा संशय खरा ठरायला हवा होता.

कुणी आलं नाही.

लॅपटॉपवर निरोप गेलेला दिसला. मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह बंद ठेव. आणि खांबावरच्या कुलूपबंद डब्यात मोटर घरघरली. डोळ्यांसमोर. खाली पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. डब्यानं बंद हा निरोप उघड असा ऐकला होता.

 मग उठून माझ्या चावीनं डबा उघडला, बटन दाबून व्हॉल्व्ह बंद केला, डब्याला लॅपटॉप जोडला. सोलर पंपाच्या कंट्रोलरची खरखर रेडिओत घुसत होती. ऊन कडक, पंप जोरात, खरखर जास्त. डिकोडर अंदाज बांधता बांधता एका चुकीच्या जागी, दर वेळी उघड याच निरोपावर, अडकत होता, तिथून हलत नव्हता. हलत नाही म्हणजे बरोबर आहे, असं मी त्याला शिकवलं होतं. थांबून एकदा पडताळून बघ, हे शिकवलेलं मी काढून घेतलं होतं. गावठाणाकडचा डबा लांब, त्याच्याजवळ पंप नाही, म्हणून तो कधी चुकला नाही. एकाच बाजूला का — याचं उत्तर इतकं साधं होतं.

परत येताना जीपमध्ये दाटीवाटीत बसलो होतो आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? अन्वर सुटला, हे? नाही. आलं ते हे, की बागेत मला कुणी बघितलं तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी खोलीवर मी मुद्दाम खरखर मिसळून तोच निरोप डब्याला ऐकवत बसलो. चुकला. परत ऐकवला. चुकला. अन्वर शेजारी तारा सोलत होता. त्यानं विचारलं, काय करून राह्यलास. म्हणालो, निबंधाचं. तेव्हा सांगता आलं असतं. तो रागावला असता, मग दोघांनी मिळून गावात जाऊन सांगितलं असतं, चार शिव्या खाल्ल्या असत्या. झालं असतं. पण निबंध छापायला गेला होता, माझे गाइड सगळ्यांना तो दाखवत होते, आणखी काही गावांचं काम तोंडाशी आलं होतं. आणि सरपंचबाईंना मी चावीचं बोलून बसलो होतो. आता मी काय सांगणार होतो — की चूक माझी आणि बोट मी त्याच्याकडं दाखवलं?

ग्रामसभा भरली. आम्हा दोघांना बोलावलं होतं. मारुतीच्या पाराजवळ मांडव, गावठाण एका बाजूला, मोहल्ल्यातली माणसं दुसऱ्या बाजूला, मध्ये जरा जास्तच मोकळी जागा. अन्वरचे सासरे खुर्चीवर, अंगावर शाल, चेहरा सुजलेला. त्यांच्या मागं इरफान — अन्वरचा मेहुणा, शबानाचा धाकटा भाऊ. तो अन्वरला भाईजान म्हणायचा आणि त्याच्यासारखेच केस ठेवायचा.

आरडाओरड झाली असती तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. लोक शांतपणे, एकमेकांकडं बघत बोलत होते. अन्वर उभा राहून म्हणाला की पाणी चुकलं त्यातल्या एका दिवशी तर तो सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात होता. कुणीतरी म्हणालं, चावी काय कुणाच्याही हाती देता येते. त्यावर मोहल्ल्याकडची माणसंही खाली बघायला लागली.

मग सरपंचबाई माझ्याकडं वळल्या.

"इंजिनिअरसाहेब, एकच सांगा. मशीन आपोआप चुकू शकतं का?"

अन्वर माझ्याकडं बघत होता. तो घाबरलेला नव्हता. उलट त्याचा चेहरा जरा सैलावला होता — आता दत्ता बोलंल, आता हे मिटंल, असा. तो म्हणाला, "सांग दत्ता. तू सांग ह्यांना."

मी म्हणालो, "न्हाई. त्याच्यात चूक दुरुस्त करायची सोय असते. मशीन चुकू शकत न्हाई."

त्या वेळी काय वाटलं, हे मला छान शब्दांत सांगता येणार नाही.  मी सोय असते म्हणालो — ते खोटं नव्हतं ना? सोय असते. फक्त मी ती काढलेली होती. खोटं बोलतानासुद्धा मी एक खरा शब्द हाताशी धरला होता, पुढं कधी कुणी विचारलं तर दाखवायला.

 अन्वर माझ्याकडं बघतच राहिला, पण नजरेत राग नव्हता. विचारात पडल्यासारखा होता. ती नजर मी नंतर कित्येक वर्षं चुकीची वाचली. मला वाटलं, त्यानं मला ओळखलं.

गावानं अट घातली, काम चालू ठेवायचं असेल तर अन्वर नको. मी अन्वरला म्हणालो, काही दिवस दम धर. त्यानं त्याच आठवड्यात आपली हत्यारं पिशवीत भरली आणि परतूरला गेला. भांडला नाही. चावी माझ्या टेबलावर ठेवून गेला.

आणि मग मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. तो गेल्यावर मी एकटा गावात गेलो, मोहल्ल्याकडचा डबा उघडला आणि काढलेली पडताळणी परत घातली. कुणी विचारलं तर नेहमीची तपासणी म्हणालो. त्या दिवसापासून पाणी चुकलं नाही. बघा — लोक म्हणाले — माणूस काढला आणि पाणी सरळ झालं. आणखी काय पुरावा पाहिजे? मला हे आधीच कळत होतं का, की असंच होणार? कळत होतं. म्हणूनच मी तो जाईपर्यंत थांबलो होतो.

निबंध छापून आला. त्यात पडताळणी काढलेलीच आहे, त्यातला आलेख अजूनही छान खाली उतरतो. मी शिकवायला लागलो. डब्यांचा धंदा दुसऱ्यांनी घेतला. अन्वर परतूरला मोटर वाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो, हे कळत होतं. ईदला मी मेसेज टाकायचो, तो उत्तर द्यायचा. प्रत्येक उत्तरात मी काहीतरी शोधायचो. खुदा हाफिज असं लिहिलं तर वाटायचं, कायमचं म्हणतोय का? नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला तर वाटायचं, टोमणा आहे. त्याला माहीत आहे, तो फक्त योग्य वेळेची वाट बघतोय, असं धरूनच मी जगत होतो. एकदा कॉलेजला निनावी पत्र आलं, परीक्षेच्या काहीतरी घोळाबद्दल. ते उघडायच्या आधी मी खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात परतूरला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो. मांडवातच अन्वर भेटला. ओढून घरी घेऊन गेला. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. दुकानाच्या मागंच घर. मी दारातून आत जाताना विचार करत होतो, आता बोलणार. आता काढणार. बरंच झालं, एकदाचं काढू दे.

शबानानं पाणी आणून दिलं. पूर्वी ती गप्पांत बसायची, या वेळी आत गेली, पण दाराच्या आडच थांबली. तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं.

सासरे वारल्याचं अन्वरनं सांगितलं. मी इरफानची चौकशी केली.  तो म्हणाला की इरफानशी बोलणं नाही. सासरे गेले तेव्हा अन्वर मातीला गेला होता, पण दोघं दोन टोकांना उभे होते. शबाना भावाकडं जात नाही. जायची तिची लई इच्छा, पण इरफाननंच सांगितलंय, माझ्यावर चोरीचा आळ घेणाऱ्याच्या बायकोनं येऊ नये.

मला कळेना. कसली चोरी?

अन्वर म्हणाला, "त्या दिवशी तू सांगितलं ना, मशीन चुकत न्हाई. मंग मी घरी जाऊन लई विचार केला. मी तर न्हाई केलं. तू करायचा प्रश्नच न्हाई. मी सासऱ्याला घेऊन जालन्याला गेल्तो तेव्हा माझी बॅग तिथंच राहिल्ती, चावी तिच्यात. राह्यला कोण?"

 म्हणजे ग्रामसभेतली ती नजर. त्यानं मला ओळखलं नव्हतं. त्यानं माझं ऐकलं होतं. अख्ख्या मांडवात माझ्या त्या वाक्यावर पूर्ण विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, अन्वर; आणि त्या विश्वासानं तो घरी जाऊन आपल्याच माणसांत चोर शोधत बसला होता. त्याला इरफान सापडला. जो त्याच्यासारखे केस ठेवायचा.

त्यानं हे इरफानला तोंडावर विचारलं होतं. इरफाननं कुराणाची शपथ घेतली. अन्वरनं ती मानली नाही. का मानेल? त्याच्याकडं माझा शब्द होता.

मग तो जरा पुढं झुकला, आवाज खाली आणला. म्हणाला, "शबाना म्हणते, एकदा दत्ताला विचारा. इतकी वर्षं म्हणून राह्यली. म्हणून विचारतो, तू राग नको मानू. ते मशीन — खरंच चुकू शकत नव्हतं ना?"

आता बघा. पहिल्या वेळी माझ्याकडं भीती होती. निबंध होता, धंदा होता, समोर गाव बसलेलं होतं. या वेळी काय होतं? काही नव्हतं. माझं कुणी काही हिरावून घेणार नव्हतं. समोर एक माणूस होता, दाराआड एक बाई होती, आणि एका शब्दात त्यांची दोन घरं परत जोडली गेली असती. तो शब्द मला माहीत होता. इतक्या वर्षांत रोज मी तोच तर तोंडात घोळवत होतो.

मी म्हणालो, "न्हाई."

म्हणालो, "चुकू शकत नव्हतं."

अन्वरनं मान हलवली. दाराआडचं ओढणीचं टोक दिसेनासं झालं. आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला, हळूहळू, एकेक. मग ती चहा घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर कप ठेवला आणि साखर बराबर आहे का, विचारलं. मी म्हणालो, बराबर आहे. मी तो चहा प्यायलो.